बबनचं गाव

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१० सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सुचेताचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोहोचलो. वहिनीच्या करंज्या पेण येईपर्यंतच संपल्या. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस, की बाटली नुसती देव्हाऱ्यात ठेवली आहेस?

फोन सोडून पत्र कसलं लिहिते, असं म्हणशील. फोनवर वहिनी स्पीकर लावते आणि अख्खी वाडी ऐकते. हे आधी तू एकट्याने वाच.

पुलाखाली, स्टेशनबाहेर राहणाऱ्या लोकांना कामाला लावायची आमची खटपट तुला माहीत आहे. ‘सुचेताचं समाजकार्य’ म्हणून हसतोस. हस. पण ‘कुठला?’ या पहिल्याच प्रश्नाला माणूस अडकतो रे. पुलाखालचा म्हटलं की दार बंद, आणि चुकून काम मिळालंच तर राहायला जागा नाही म्हणून ते टिकत नाही.

बबनचं असंच दोनदा झालं होतं. चाळिशीचा माणूस, कामाला वाघ. आई गेली तेव्हा एवढासा होता, त्यामुळे गाव कुठलं ते त्यालाच ठाऊक नाही. मार्चमध्ये मी त्याला भाईंदर पूर्वेला यतीनभाईंच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात नेलं. त्यांनी विचारलं, “किधर का है?” आणि मी बोलून गेले, “माझ्याच गावचा. आमच्या वाडीतला.”

“बस, मग काय टेन्शन नाय,” ते म्हणाले. पॉलिशचं काम मिळालं, आणि वर पोटमाळ्यावर झोपायची सोय. मी खूश.

कोणी काही विचारलं तर अडू नये म्हणून मी त्याला थोडं पढवलं: एसटी कुठे थांबते, देऊळ कुठल्या अंगाला आहे. पण भेटला की तो आणखी विचारायचा. “ताई, आपल्या गावात अजून काय हाय?” मी परसातला फणस सांगितला, तुझी भांडकुदळ गाय सांगितली. कारखान्यातल्या जितेंद्रला तो हे सगळं रंगवून सांगायचा म्हणे.

आणि गणपती आले. कारखाना बंद, पोटमाळ्याला कुलूप. कोकणातला माणूस गणपतीला गावी जाणार, हे यतीनभाईंनी गृहीतच धरलेलं. त्यांनी बबनच्या हातात मिठाईचा डबा दिला, “तुमच्या घरच्या बाप्पाला.” आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तो डबा घेऊन बबन माझ्या दारात उभा.

“ताई, मी पन येऊ? मागं पडवीत झोपेन. कोणाला काय बोलनार नाय.”

दादा, मी काय म्हणाले असेन? “घर भरलेलं असतं रे, पुढच्या वर्षी बघू.” तू विचारशील कोण, कुठला, कुणाचा, आणि चार पाहुण्यांसमोर माझी पंचाईत होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने कुठे झोपायचं, हे डोक्यात आलंच नाही. डबा मात्र मी घेतला. तूच तो बाप्पापुढे ठेवलास आणि कुणाकडून म्हणून विचारलंस. मी म्हटलं, “ऑफिसातल्या एकाने दिलाय.”

आपण आरत्या म्हणत होतो तेव्हा तो परत पुलाखाली होता. तिथे यतीनभाईंच्या मुनीमजींनी त्याला पाहिलं.

सोमवारी मी कारखान्यात गेले तर बबनला कामावरून काढलेलं. यतीनभाईच मला म्हणाले, “ताई, आपको भी फसाया उसने. खुद बोला, ताई को कुछ मालूम नहीं, मैंने ही झूठ बोला.” हे ऐकून माणसाने काय करावं? मी गप्प बसले. त्यांनी चहा मागवला, तो प्यायले आणि घरी आले. माझी मला इतकी किळस कधी वाटली नव्हती.

आज सकाळी जाऊन खरं सांगितलं, सगळ्या कामगारांसमोर. यतीनभाई म्हणाले, “उसको बुला लो. काम अच्छा करता है. पण तुमच्या शब्दावर आता दुसरा माणूस नाय ठेवणार.” आमच्याकडे आशा म्हणून एक बाई कामासाठी थांबली आहे. तिच्यासाठी आता कुठलं दार ठोठावू, कळत नाही.

तशीच धावत पुलाखाली गेले. वाटलं, बबन खूश होईल. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“जितेंद्रसमोर पन सांगितलं, ताई?”

“हो.”

“मग आता मी कुठला?”

खोटं बोलून मी त्याला गाव दिलं आणि खरं बोलून काढून घेतलं. दोन्ही वेळा त्याला न विचारता. तो उद्यापासून कामावर जाईल, पोटमाळ्यावर झोपेल. पण पुढच्या वर्षी गणपतीला कारखाना बंद होणारच आहे. घर तुझं आहे, दादा, म्हणून तुला विचारते. त्याला घेऊन येऊ? कोण म्हणून आणलंस, असं मात्र विचारू नकोस.

आणि नकोच म्हणायचं असेल तर मला कळवू नकोस, त्याला लिही. मी त्याला एकदा नाही म्हटलंय, आता परत माझ्याने होणार नाही.

तुझी अपराधी बहीण,
सुचेता