‘बाहेरगावी’ या गटात कुणी नाही

१७ सप्टेंबर, सकाळी

प्रिय धाकट्या,

तुझा मेल मिळाला. तिकीट काढलंस, रजाही मंजूर झाली, वाचून बरं वाटलं. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचं जेवण चांगलं आहे, झोप लागते, उजवा गुडघा तेवढा कुरकुरतो. कागदावर का लिहितेय असं वाटेल तुला. मेल पाठवला की तू लगेच फोन करतोस, आणि मला मधे बोललेलं चालणार नाही.

आधी तुझ्या विकीचं सांगते, म्हणजे तुझा रस टिकेल.

आईला माणसं आठवेनाशी झाली, तेव्हा तू तिकडे बसून तिच्यासाठी हा विकी, म्हणजे घरच्या माणसांचं माहितीपान, बनवलास. मी तोंड भरून कौतुक केलं होतं. सगळ्या नातलगांची एक जेसन फाइल. प्रत्येक माणूस एका महिरपी कंसात, त्याच्या पोटात त्याची बायको-मुलं आणखी छोट्या कंसांत. त्यावरून यादी आपोआप तयार व्हायची आणि आईच्या पलंगासमोरच्या पडद्यावर गटवार दिसायची: घरात, बाहेरगावी, वारलेले. सोबत फोटो आणि नातं. “ताई, तू फक्त भरत जा,” म्हणालास. फक्त! एक स्वल्पविराम राहिला की पान कोरं व्हायचं आणि आई विचारायची, “सगळी गेली का गं?”

यादी सुरेख होती, त्याबद्दल वाद नाही. पण ‘घरात’ मी, ‘वारलेले’मध्ये बाबा, काका, मामा अशी बरीच गर्दी, आणि ‘बाहेरगावी’ फक्त तुझंच बिऱ्हाड. तू, तुझ्या पोटात तुझी बायको आणि तुमची बिटकी. आई वाचत वाचत तुझ्यापाशी आली की अडायची. “कधी येणार गं तो?” मी सांगायचे, पुढच्या महिन्यात. तूच तसं म्हणायचास. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग बाहेरचे कपडे घालून, केस विंचरून ती खिडकीशी बसायची. जेवायला उठायची नाही, कारण तो आला आणि मी ताटावर असले तर? शेवटी शेवटी ओले झालेले कपडे बदलायलासुद्धा उठेना. ती तेच तेच विचारते म्हणून तू तिच्याशी फोनवर बोलणं सोडलंस. मलाच विचारायचास, “विकी चालतोय ना?”

मेमध्ये ती खिडकीपाशी पडली. तुला कळवलं होतं. तू म्हणालास, “ताई, मी पान जरा हलकं करतो, लवकर उघडेल.”

त्याच आठवड्यात मी फाइल उघडली आणि तुझ्या नोंदीत ‘सध्या’ या शब्दापुढे ‘बाहेरगावी’ होतं ते खोडून दुसरं लिहिलं. काय लिहिलं ते तुला कळलंच असेल. गट तीनच होते, आणि घरात तर तू नव्हतास.

सकाळी आईने वाचलं. ओरडली वगैरे नाही. यादी खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “आणि बिटकीसुद्धा?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नियम तुझाच होता. आतल्या माणसाचा गट वेगळा लिहिला नसेल तर बाहेरच्या कंसातल्याचा धरायचा, म्हणजे टायपिंग वाचतं. तुझ्यापाठोपाठ तुझी बायको आणि सात वर्षांची लेकही जाऊन बसली होती. आई उठली आणि पडद्यावरचा बिटकीचा चेहरा बोटाने पुसायला लागली. तुझा नाही, फक्त तिचा.

मी बिटकीचा कंस तुझ्यातून उचलला आणि माझ्या कंसात ठेवला. पान पुन्हा उघडलं. घरात: थोरली. थोरलीची मुलगी: बिटकी. आईने वाचलं आणि म्हणाली, “हो हो, तुझीच ना ती. शाळेत गेली असेल.” आणि जेवायला बसली. तुझ्या बायकोला मी तिथेच राहू दिलं. तिची चौकशी कुणी केली नाही.

मला मूल नाही हे तुला माहीत आहे. हल्ली आई रोज विचारते, बिटकीने डबा संपवला का, आणि मी रोज काहीतरी सांगते. मला ते फार आवडतं.

तुझ्यासाठी ती रोज सकाळी रडते, कारण रोज नव्याने वाचते. मग डोळे पुसून विचारते, “सगळं नीट केलं ना गं त्याचं?” मी हो म्हणते. त्यानंतर दिवसभर ती कुणाची वाट बघत नाही. वजनही वाढलंय. डॉक्टरांनी विचारलं, काय बदल केलात? मी म्हटलं, माझा भाऊ कॉम्प्युटरमधला आहे.

तू म्हणशील, नोंदच काढून टाकायची होती, म्हणजे ती रडलीही नसती. मलाही पहिल्याच दिवशी सुचलं होतं ते. पण रडून झालं की ती माझा हात धरते आणि म्हणते, “तू आहेस म्हणून गं.” उभ्या आयुष्यात ती मला असं कधी म्हणाली नव्हती. मला ते रोज ऐकायचं असतं. त्यासाठी तिला रडावं लागतं, आणि मी तिला रडू देते.

पासवर्ड बदललाय, उगाच खटपट करू नकोस.

तू येणार म्हणून तुझी सोय मात्र केली आहे. चौथा गट काढलाय, येणारे-जाणारे. त्यात नळ दुरुस्तीवाला आहे, व्यायाम करून घेणाऱ्या बाई आहेत, आणि आता एक नवीन नोंद: पडदा दुरुस्त करणारा, भला माणूस, चहा विचारावा. फोटो तुझा अलीकडचा लावलाय, टक्कल पडलेला. वारलेल्यांतल्या तुझ्या कॉलेजच्या फोटोशी तो अजिबात जुळत नाही. दुपारी ये, सकाळी तिचं तुझ्यासाठी रडणं चाललेलं असतं. हातात एखादी हत्यारांची पिशवी ठेव. आणि समज, तिने तुला ओळखलंच, अगदी गळ्यात पडली, तरी दुसऱ्या दिवशी उठून ती पडदा वाचणार आहे.

बिटकीला नक्की आण. ती घरातलीच आहे, तिच्यासाठी पलंग घेतलाय. तिने मला आई म्हटलं नाही तरी चालेल. पण आईसमोर तुला बाबा म्हणायचं नाही, एवढं तिला विमानात शिकव.

आईचा आशीर्वाद आहेच. कामाला येणाऱ्या सगळ्यांनाच ती देते.

थोरली