गल्लीतला धूर

अक्रा, ५ जुलै

ती. पग्नाताईस, नापारीचा सलाम वि. वि.

तू रेडिओवर ऐकलंस ते खरं आहे. नदीकाठचा भंगारबाजार पाडला. तिथे दवाखाना उठणार म्हणतात. बुलडोझर आले तेव्हा मी एका जुन्या टीव्हीचं पोट उघडत होतो. हातोडी तेवढी घेऊन पळालो. वायरी सोलायचं यंत्र आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलं होतं, ते पत्र्यांखाली चेपलं. त्याच्यामुळे वायरी जाळणं बंद झालं होतं.

आता मी दारातच भंगार फोडतो. झुलैखा चिडवते, की नवऱ्याचं काम उंबऱ्यावर आलं तरी हा जेवायला उशीरच करतो. शेजारच्या खोलीत आपल्या गावचा तियुम्बा आहे. तांबं काढायला तो गल्लीच्या टोकाला वायरी जाळतो आणि धूर थेट आमच्याकडे येतो. झुलैखाला सातवा महिना आहे, सारखी खोकते. त्याला कसं सांगावं, कळत नाही.

बाबांना यातलं निम्मंच वाचून दाखव. धाकट्यावर माया असू दे.

नापारी

सावेलुगू, २० जुलै

चि. नापारीस आशीर्वाद.

निम्मंच वाचलं, पण उरलेलं बाबांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं. झुलैखाला बाळंतपणाला इकडे पाठव, हट्ट करू नकोस.

तियुम्बाशी मात्र भांडू नकोस. तू शहरात गेलास तेव्हा त्याने स्वतःची अर्धी चटई तुला दिली होती. तुम्ही शेजारी आहात म्हणून त्याची आई निर्धास्त असते. गोडीने सांग. लहानपणी माझ्या वाटचा मासा गोड बोलूनच खायचास ना?

जिवाला जप. आमचा जीव तिकडेच असतो.

पग्ना

अक्रा, ११ ऑगस्ट

ती. ताईस सलाम वि. वि.

गोडीने जमलं नाही. झुलैखा चुलीपाशी कोसळली, तिला श्वास घेता येईना. मी बादली नेऊन तियुम्बाच्या जाळावर ओतली. तो म्हणाला, तुझी बायको श्वास मागते, माझी पोरं जेवायला मागतात, मी कुणाचं ऐकू ते तूच सांग. मी त्याला ढकललं. पडताना त्याचा तळहात तापलेल्या वायरींवर टेकला.

घरमालकाने दोघांनाही सामान उचलायला लावलं. म्हणाला, भंगारवाले सगळे सारखेच. तियुम्बा हाताला फडकं गुंडाळून, पोरांना घेऊन निघून गेला. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

झुलैखा दवाखान्यात सावरली. आज तिला बसमध्ये बसवलं. मी एका गोदामाच्या ओसरीला झोपतो.

रागव, पण पत्र पाठव.

नापारी

सावेलुगू, २ ऑक्टोबर

चि. नापारीस आशीर्वाद.

मुलगी झाली. नाक तुझंच, बिचारीचं. झुलैखाचा खोकला अजून पुरता गेलेला नाही, पण भूक लागते.

बाळाला रोज न्हाऊ घालायला तियुम्बाची आई येते. चोळायला शियाच्या बियांचं लोणी घरून आणते. पाय चोळता चोळता विचारते, की माझ्या पोराची काहीच खबर कशी नाही. झुलैखा मान खाली घालते. काल मी त्याच्या आईला तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं, भांडणाचं सगळं गाळून. ती म्हणाली, दोघं सोबत आहेत ना, मग मला काळजी नाही. मी हो म्हटलं.

खोटं मी बोलले, ते खरं तू कर. एकेक गोदाम पालथं घाल, ओळखीच्या प्रत्येक भंगारवाल्याला विचार. सापडला की माफी वगैरे नंतर. आधी त्याचा हात बघ.

तुम्हा दोघांची वाट बघणारी,
पग्ना