चुकीच्या जागी 'व्हय म्हाराजा'

१९ सप्टेंबर २०१२

आज गणपती आले आणि मी मार खाल्ला! सणाच्या दिवशी! सगळ्या वाडीसमोर!

झालं असं — आरती संपली. बाबा देवावर टांगलेल्या फळापानांच्या माटवीखाली उभे राहून गाऱ्हाणं घालायला लागले. बाबांचं गाऱ्हाणं म्हणजे वाडीत एक नंबर. ते देवाला एकेक मागणं सांगतात आणि थांबले की सगळे बाप्ये मोठ्याने म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ती थांबायची जागा मला फार आवडते. आज मी ठरवलंच होतं, सगळ्यांच्या आधी म्हणायचं. बाबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या घराचां वाटोळां होवंदे..." आणि श्वास घ्यायला थांबले. मी ओरडले, "व्हय म्हाराजा!!"

पुढे होतं, "...असां कोणी चिंतलां आसात, तर त्याचां त्याच्याच पदरात घाल." पण ऐकतंय कोण! माझा मोठा भाऊ गुरुदादा हसता हसता समईवरच पडणार होता. बाबांनी एक ठेवून दिली. बाजूच्या घरातला बाबलीकाका म्हणाला, "चेडवान तोंड उघडल्यान. आता भोगा." चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी!

आणखी एक. मी नीट ऐकत होते. दादाच्या परीक्षेसाठी मागितलं, आंब्याच्या मोहरासाठी मागितलं, बाबलीकाकाच्या होडीसाठी पण मागितलं. माझं नाव नाही. आईचंही नाही.

७ ऑक्टोबर २०१२

ढवळा बैल शेताच्या मेरेवरून घसरला. पाय मोडला. सगळे माझ्याकडे बघतायत. मी काय ढकलला त्याला?

८ ऑक्टोबर २०१२

बाबांनी बैलाच्या पायासाठी वेगळं गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवून. मला आधीच आत पाठवलं — "देवासमोर परत तोंड उघडलंस तर बघ!"

आई चुलीपुढून उठताना गुडघे धरून "आये गो" म्हणाली. तिचे गुडघे रोजच दुखतात. मी विचारलं, मग तुझ्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं का नाही घालत? तर म्हणते, "गप रव. बैल नांगर ओढता."

मग लावणी कोण करतं? बैल?

२ डिसेंबर २०१५

अख्खं गाऱ्हाणं पाठ झालं! कोणी शिकवलं नाही. दाराआड उभं राहून, तीन गणपती ऐकून ऐकून शिकले. शाळेतून येताना काजूच्या बागेत म्हणते. आवाज खालून वर न्यायचा, "रे म्हाराजा"ला सोडून द्यायचा. थांबायची जागा आता चुकत नाही.

आज सुगंधाला बरोबर नेलं. ती माझ्या बाकावर बसते. म्हटलं, तू वाडीकरी, "व्हय" तू म्हणायचं. मी म्हटलं, "बा देवा, गणिताच्या बाईंची बदली घाटावर होवंदे!" सुगंधा — "व्हय म्हाराजा!" हसून पोट दुखलं. पण तिचा "व्हय" आला ना, तेव्हा अंगावर काटा आला. आपलं मागणं दुसऱ्या कोणीतरी उचलून धरलं, असं वाटलं.

मोठी झाले की घालणारच. बघू कोण अडवतं.

४ सप्टेंबर २०१८

ओरोसला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. सर म्हणाले, "तुझ्या बोलण्यात मालवणी अजिबात जाणवत नाही." मी फुगून कुप्पा!

१३ सप्टेंबर २०१८

मेले असते तर बरं झालं असतं.

आज गणपती आले आणि बाबा तापाने फणफणलेले. गाऱ्हाण्याला दादाला उभं केलं. दादा "बा देवा..." म्हणाला आणि गाडी तिथेच बंद. कान लालेलाल. बघवेना. मी पुढे झाले. बाबा आत झोपलेले, अडवणार कोण? सगळं पाठ होतं! पण समोर माणसं बघितली आणि तोंडातून काय आलं — "हे गणराया, आमच्या कुटुंबावर तुझी कृपादृष्टी सदैव राहो." थांबले. बरोबर जागी थांबले.

एकसुद्धा "व्हय" नाही. समईची वात तेवढी चुरचुरली.

मग बाबलीकाका — "ह्यां गाऱ्हाणां काय पंधरा ऑगस्टचां भाषण?" सगळे हसले. दादासुद्धा! तुझ्यासाठी पुढे झाले ना रे मेल्या! शेवटी काकानेच गाऱ्हाणं घातलं. बाबा खोलीतून ओरडले, "तुका सांगलेलां ना?"

१४ सप्टेंबर २०१८

रात्रभर विचार केला. त्यांच्यावर रागावले होते, पण चूक माझीच. बक्षीस मिळालं म्हणून देवालाही परीक्षक समजले. घरच्या देवाशी कोणी असं बोलतं का? जी भाषा काजूच्या बागेत येत होती ती चारचौघांत लाज वाटून गिळली.

पण बाई म्हणून गप्प बसायचं, हे मात्र मला मान्य नाही. नाही म्हणजे नाही!

९ सप्टेंबर २०२४

वकिलीची सनद मिळाली त्याला दोन महिने झाले. आज पहिल्यांदा कोर्टात एकटी उभी राहिले. आवाज कुठेच अडला नाही. काय वेगळं होतं त्यात? अशिलाचं मागणं मांडायचं, नेमक्या जागी थांबायचं. गाऱ्हाणंच की! फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नसतं. पुढची तारीख मिळते.

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमचां चेडू वकील." आणि परवा गणपतीत? "किशोरी, आत जा." बाहेर माझ्या तोंडाला फी मिळते आणि घरात बंदी!

२० ऑगस्ट २०२५

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर बोलायचं नाही. गाऱ्हाणं कोण घालणार? दादा गोव्याहून फोनवर — "गणपतीक येतंय, पण गाऱ्हाणां माका येणा नाय. बाबलीकाका घालीत." बाबांनी होकाराची मान हलवली. मी म्हटलं, "आणि मी?" त्यांनी हात झटकला. माशी उडवावी तसा.

ठीक आहे. बघूच.

२७ ऑगस्ट २०२५

घातलं!

आरती झाली. बाबलीकाका टोपी सारखी करत पुढे आला. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "गो, खंय चाललंस?" — "गाऱ्हाणां घालूक." बाबांनी पाटावर हात आपटला. दोनदा. मी मागे बघितलं नाही.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज जी काय सेवा तुझ्या पायाकडे रुजू केली आसा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

थांबले. शांत. अठराचं साल आठवलं. काही झालं तरी पुढे म्हणायचं, एकटीने म्हणायचं, असं ठरवलं — तेवढ्यात मागून बारीकसा, "व्हय म्हाराजा." गुरुदादा! मग शेजारची पोरं. मग सगळे.

पुढे काय थांबते! लावणी करणाऱ्या, रांधणाऱ्या बायकांची एकेक करून नावं घेतली. "माझ्या आयेचे, शेवंतीचे गुडघे बरे कर रे म्हाराजा!" म्हटलं, आणि स्वयंपाकघरात पळी पडली. बाबलीकाका चपला घालून निघून गेला, मोदक न खाता. जाऊ दे! बाबा माझ्याकडे बघत नव्हते. पण उठूनही गेले नाहीत.

२८ ऑगस्ट २०२५

बाप्ये बोलले असते तर चाललं असतं. आईच चिडली! "माझां नाव कित्याक घेतलंस?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच मागितलं ना!"

"माका काय व्हया तां तुका काय म्हायत?" आणि नारळ असा खवत बसली की खवणीच मोडेल. मला रडूच आलं. तेरा वर्षं जिच्यासाठी भांडले तीच असं बोलली!

३१ ऑगस्ट २०२५

आज विसर्जन. पहाटे उठले तर आई चुलीपाशी नव्हती. माटवीखाली उभी होती. एकटी. डोक्यावर पदर, हात जोडलेले.

"बा देवा म्हाराजा, मी शेवंती उभी आसंय. गुडघ्यांचां चेडवान सांगल्यान. आता माझां आयक."

आणि थांबली.

मला राहवलं नाही. दाराआडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

तिने वळूनही बघितलं नाही.

"गप गो! अजून मागूक खंय लागलंय!"