आमच्या दारापुढची जागा

१ एप्रिल १९७४, सोमवार. उपवास.
कोपऱ्यावरच्या खांबाला म्युनिसिपालिटीची नोटीस लागली आहे. गल्लीत वाहन उभं करायचं तर यापुढे परवाना काढायचा. परवानेवाल्यांना जागा आखून मिळेल. रहिवाशांनी आपलं म्हणणं कळवावं. सिद्धेश्वराला माझं ऐकू गेलं म्हणायचं! समोरचे रुद्रप्पा वर्षभर स्कूटर आमच्या दारात लावतात. त्यांच्या दारात ऊन, सीट तापते. आमच्या दारात लिंबाची सावली. रोज सकाळी माझ्या रांगोळीच्या कमळात ऑइलचा थेंब. आता रुद्रप्पा परवाना काढायचे नाहीत, चिकट माणूस. (मी काटकसरी. फरक आहे.)
संकल्प: याबद्दल कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.

२ एप्रिल
गल्लीतल्या सगळ्या बायकांना नोटीस वाचून दाखवली. मॅट्रिक झालेली मी एकटीच, कर्तव्य होतं. शेवटचा बारीक मजकूर सोडला. बारीक अक्षरात महत्त्वाचं काही लिहीत नाहीत.

५ एप्रिल
रुद्रप्पा आले. म्हणाले, "वैनी, हे परवान्याचं खूळ समद्यांच्याच गळ्यात येतंय बगा. आपन मिळून नको म्हनू की." मी म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा. ते म्हणाले, "कायदा सारखा, पन सावली तुमच्याकडंच हाय." यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. आमचे हे मात्र पेपरामागे हसत होते.
यंदा कुरडया दारापुढची जागा मोकळी झाल्यावरच घालायच्या. तोवर गहू भिजत घालायचे नाहीत.

१२ एप्रिल, शुक्रवार
चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. गल्ली सगळी परवान्याच्या विरोधात, म्हणून 'परवाना हवा' असा माझा अर्ज सह्यांसाठी तिथंच ठेवला. बायकांच्या एका हातात पन्हं, दुसऱ्यात पेन. पन्हं जरा पातळ झालं होतं. उन्हाळ्यात पातळच बरं.
गौरम्मा म्हणाली, "कशाचा कागद ओ काकू?" मी म्हटलं, गल्लीच्या भल्याचा. फुलाबाईंनी अंगठा दिला आणि बोट माझ्या नव्या उशीच्या अभ्र्याला पुसलं. रुद्रप्पांच्या ईरम्माला वाटलं, देवळाच्या वर्गणीचा कागद असावा. गौरीसमोर खोटं बोलायचं नाही, म्हणून मी काही बोललेच नाही. तिनंही सही केली.
सर्वांत वर माझी सही. ठळक.

१३ एप्रिल
ईरम्माला कळलं. दरवर्षी चीक हाटायला तीच येते. आज नळावर मला बघून घागर अर्धीच भरून गेली. असू दे. चीक एकटीलाही हाटता येतो. मनगट दुखतं ते वाताने.

१७ एप्रिल
म्युनिसिपालिटीचे साहेब टेप घेऊन आले! फार सज्जन माणूस. लिंबाचं सरबत दिलं, गुळाचं. म्हणाले, तुमच्याच गल्लीचा अर्ज योजनेच्या बाजूने आला, आनंद वाटला. मी त्यांना दारापुढची जागा स्वतः फिरून दाखवली. रुंद किती, सपाट किती, गटार नाही, दुपारपर्यंत सावली, शिवाय कुणाचा तरी सतत डोळा असतो. म्हटलं, साहेब, अशी जागा गल्लीत दुसरी नाही. साहेबांना शब्दन्‌शब्द पटला. सगळं लिहून घेतलं.
संध्याकाळी यांना सांगितलं. हे डोक्याला हात लावून बसले. ऊन बाधलं असणार. कांदा फोडून दिला.

२३ एप्रिल
गहू भिजत घातले.

२५ एप्रिल
सकाळी दारात पांढरे पट्टे. मला वाटलं, जागा राखून ठेवल्याची खूण. रंगवणाऱ्या कल्लप्पाला चहा दिला. तो म्हणाला, "गल्लीचा स्टँड हितंच केलाय की काकू. साहेब म्हनले, बाईंनी सोता जागा दाखवली, लई झ्याक जागा." मी म्हटलं, तू दार चुकलास. तो म्हणाला, "दार न्हाई चुकलो. नोटिशीतच हाय की, सगळ्यात मोकळी जागा बघून स्टँड करायचा म्हनून."
अक्षर फारच बारीक होतं.
चहा वाया गेला.

२६ एप्रिल
चीक तयार. आज नाही घातल्या तर आंबणार. दारात तीन सायकली, एक हातगाडी आणि रुद्रप्पांची स्कूटर, परवान्यासह. पहिला परवाना त्यांनीच काढला. म्हणाले, "वैनी, आता हक्कानं लावतो." आमचं छप्पर पत्र्याचं, त्यावर चढायचं माझं वय नाही. (यांचंही नाही म्हणे.)
पातेलं घेऊन उंबऱ्यात उभी होते. ईरम्मा आली. एवढ्या दिवसांनी बोलली, "आमच्या दारात घाला की. तितं आता मोकळंच हाय, आन्‌ ऊन बी हाय." मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, "इचार करा. मी सोऱ्या धुते तवर."
तिच्या दारात कुरडया दुपारीच वाळून खडखडीत. असं ऊन आमच्या दारात कधी नव्हतंच. हे यांना सांगायचं नाही.
कावळ्यांसाठी काठी घेऊन तिच्या पायरीवर बसले आहे. समोर आमचं दार. येणारा जाणारा सायकल लावतो आणि म्हणतो, "काकू, जरा ध्यान ठिवा." ठेवते. कुणीतरी ठेवायला हवंच.