हसायचं नाही म्हणे!

३ मार्च

पुस्तक संपवलं! एक बकरी नगरपालिकेची निवडणूक जिंकते, त्याची गोष्ट. शेवटची पानं ढिली आहेत. एकच विनोद तिसऱ्यांदा केला की शिळा होतो, हे लेखकाला कुणी सांगायचं? पण भर सभेत बकरी शपथेचा कागद खाते, तिथे मी इतकी हसले की आई हातात पळी घेऊनच धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. बकरी."

तिने पळी खाली ठेवली. मग हळूच — "अगं, लोक ऐकतात. नवरा सोडून गेलेली बाई अशी हसते का?"

मग कशी हसते? शिकवा मला!

५ मार्च

जाऊबाई येऊन गेल्या. तोंड असं, जणू तो वारलाच. वारला नाहीये. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईबरोबर, चांगला धडधाकट आहे. जाताना एक जाडजूड पुस्तक ठेवून गेल्या, दुःख कसं पचवावं याचं. "हे वाच, मन शांत होईल." पंख्याच्या वाऱ्याने दार आपटतं, तिथे लावून ठेवलंय. उपयोगी आहे!

६ मार्च

ग्रंथालयातून आणखी दोन आणली. दोन्ही हलकीफुलकी. मुद्दाम.

१० मार्च

हे झकास! गुप्तहेराला रक्त पाहिलं की घेरी येते, म्हणून खुनाचा तपास त्याची सासू करते. भाजी निवडता निवडता. संशयितांनाही निवडायला बसवते! असं पात्र लिहायला हलका हात लागतो, आणि तो हात काही सोपा नसतो.

दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधे वाचत होते. एका आजोबांना यंत्रासमोर उभं केलं, "श्वास घ्या, रोखून धरा" म्हटलं — आणि मला गुप्तहेराच्या सासूबाई आठवल्या. फिस्सकन हसले. नशीब, एक्स-रेचं बटण दाबलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "बाई, एकट्याच हसता होय?" मग सांगितलं त्यांना. बाहेर रांग खोळंबली. खोळंबू दे.

तो असताना ही पुस्तकं मी कपड्यांच्या घडीखाली ठेवायची. "कसला बाष्कळपणा वाचतेस!" आता जेवणाच्या टेबलावर उताणी पडलेली असतात.

१४ मार्च

आईशी कडाक्याचं वाजलं. "तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटून झालं," म्हटलं. ठासून.

खोटं.

१५ मार्च

दुसरं पुस्तक भिरकावलं! पळून गेलेला नवरा शेवटच्या प्रकरणात परत येतो, बायको लटकं रागावते, लगेच चहा टाकते — संपलं. सगळे हसतात म्हणे. हलकं लिहा, हो, पण खोटं कशाला? मला हसू आलं नाही. ग्रंथालयाचं आहे, म्हणून उचलून पान सरळ केलं.

१९ मार्च

तो आला. भर दुपारी, बॅग घेऊन. आईने दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"चुकलं माझं," म्हणाला. रडवेला झाला होता. मला वाईट वाटलं — वाटलं, नाही कशाला म्हणू? मग त्याची नजर टेबलाकडे गेली. "अजून हेच वाचतेस?"

एवढं बोलला नसता तर...? नाही. तरीही नाहीच म्हटलं असतं.

"जा तू."

"आता कुठे जाऊ?"

"जिथून आलास तिथे."

गेला. आई माझ्याकडे बघेना.

२० मार्च

आज एकही पुस्तक उघडलं नाही. सकाळपासून रडले, आईच्या मांडीत डोकं खुपसून, अगदी लहान पोरीसारखी. एकदाचं. मग तोंड धुतलं आणि म्हटलं, वकिलाकडे जाते.

"थांब, मीही येते," आई म्हणाली. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघताच — "तुझे बाबा परत आले, तेव्हा मला 'जा' म्हणायला नाही जमलं."

बाबा कधी गेले होते?