एका सिलिंडरवर दोघी

आई, गावी येऊन मला आज बारा दिवस झाले. दादाच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे. आल्यावर पहिल्याच सकाळी न्हाणीकडून खोकला ऐकू आला आणि मी अंथरुणातून धडपडत उठले. आधी कोरडा, मग ओढून ओढून, आणि दम संपला की भिंतीला हात टेकून उभं राहणं. क्षणभर वाटलं, तूच आहेस. वहिनी होती. तू गेल्यावर शाळेतली खिचडी शिजवायचं काम तिनं धरलं, हे मला फोनवर कळलं होतं. पण जर्मनीत बसून ऐकणं वेगळं आणि न्हाणीजवळ ऐकणं वेगळं.

शाळेमागचं ते पत्र्याचं शेड मला अजून तसंच दिसतं. मी तिसरीत आहे, ताट घेऊन रांगेत उभी आहे. आत तू आहेस, पण धुरात तू दिसत नाहीस, नुसता बांगड्यांचा हात दिसतो, मोठ्या भगुल्यात उलथनं फिरवणारा. तुराट्या पटकन जळतात आणि बाभळीचं ओलं लाकूड नुसतं धुमसतं. तू मधूनच बाहेर येतेस, पदरानं डोळे पुसतेस, दोन घोट हवा घेतेस आणि परत आत जातेस. पोरं हसतात, कारण तुझे डोळे लाल झालेले असतात. मीही हसले होते.

मी नर्सिंगला धाराशिवला गेले तेव्हा तू मला सेकंदकाट्याचं घड्याळ आणलंस. नाडी मोजायला लागतं, हे तू कुणाला तरी विचारून आली होतीस. पहिल्या सुट्टीत आले, तुझा श्वास मोजला आणि शहाणपणानं म्हणाले, "आई, हे काम सोड. तुझी फुफ्फुसं धुरानं खराब झालीत." तू चिडलीस. "शिकलीस म्हणून मला शिकवतीस व्हय? म्या सोडलं तर पोरांनी काय कच्चे तांदूळ खायाचे? आन दुसरी कुणी आली, तर तिला धूर लागत न्हाय?"  

तिकडं मी म्हाताऱ्यांच्या एका निवासात काम करते. माझ्याकडं एक आजी आहेत, त्यांनीही तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आई, तुझंच काम! त्यांनी मला तिथला जुना फोटो दाखवला. भिंतीपर्यंत चकचकीत स्टील, चुलीवर वाफ ओढून घेणारा पंखा, आणि पांढऱ्या टोपीतल्या चार बायका हसतायत. त्यांनाही तुझाच आजार आहे, फक्त त्यांचा सिगारेटनं आलेला. डॉक्टरनं वयाच्या साठीतच ओळखला. त्यांच्या खोलीत हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आहे, लहान पेटीएवढं. त्याची नळी इतकी लांब आहे की त्या नाकाला लावून गॅलरीत जातात आणि फुलझाडांना पाणी घालतात. त्यांची तक्रार एकच, यंत्र गुणगुणतं. मागच्या हिवाळ्यात ते बिघडलं तर दोन तासांत माणूस दुसरं घेऊन दारात उभा राहिला, आणि उशीर झाला म्हणून माफी मागून गेला. त्यानं माफी मागितली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

कारण मला दवाखान्यातला तुझा तो शेवटचा वॉर्ड आठवला. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन थेट तुझ्या पायांवर आलेलं. दोन खाटांच्या मध्ये एकच सिलिंडर. शेजारच्या खाटेवर तामलवाडीकडची एक बाई, तुझ्याहून लहान, तिचा नवरा तिच्या पाठीला हात लावून बसलेला. भरलेली सिलिंडरं संध्याकाळपर्यंत येतील, असं सांगून वॉर्डबॉय गेला होता. तूच मास्क काढून माझ्यापुढं धरलास. "तिला दे घडीभर. मला बरं वाटतंय." तुला बरं वाटत नव्हतं. मी घड्याळ बघून पाच मिनिटं तिला दिला, मग पाच मिनिटं तुला. असं किती वेळा केलं, ते मला नीट सांगता येत नाही. माझ्या हातावरचं तू दिलेलं घड्याळ बघत मी दोन बायकांना हवा वाटत होते.

मग तुझे ओठ निळे पडले. तिची पाळी आली आणि मी मास्क काढला नाही. तिचा नवरा उठून माझ्यासमोर आला. हात जोडून उभा राहिला. मी त्याच्याकडं पाठ केली. तू मास्कच्या आतून माझ्याकडं बघितलंस, हात उचलून तो बाजूला सारायचा प्रयत्न केलास, आणि मी तुझा हात दाबून धरला. तू म्हणालीस, "अशी कशी गं तू?" त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

दिवे लागायच्या वेळी सिलिंडर आलं. ती बाई वाचली. तू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

लोक मला विचारतात, तिकडं कसं आहे? मी रस्ते सांगते, रेल्वे सांगते, नळाचं पाणी तसंच पितात ते सांगते. दादा म्हणतो, "सगळं असंल, पण माणूस न्हाय तिथं. म्हातारी मेली तर बघायला कोण न्हाय." मी मान डोलावते. खरं तर त्या शेवटच्या सकाळी तुझ्या खाटेभोवती आम्ही सातजण होतो, पण सातजणांना मिळून तुला एक श्वास देता आला नाही. तिथली माणसं आपल्यापेक्षा चांगली नाहीत, वाईटही नाहीत. दुसऱ्याच्या बायकोची हवा आपल्या आईसाठी धरून ठेवायची वेळ त्यांच्यावर येत नाही, एवढंच. श्रीमंत देश म्हणजे काय, हे मला एवढंच कळलंय.

काल मी वहिनीसोबत शाळेत गेले. शेड आता पक्कं आहे, गॅसची शेगडीही आहे. तिच्यावर ताटांचा ढीग ठेवलेला होता, आणि खाली तीन दगड, तुराट्या, तोच धूर. मी हेडमास्तरांना भेटले. भला माणूस आहे. ते म्हणाले, "ताई, टाकी संपली की पुढची वेळेवर येत नाही. पोरांना उपाशी कसं ठेवू?" घरी येऊन मी वहिनीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. आत शिट्टी वाजत होती, अजून बारीक आहे. मी म्हणाले, हे काम सोडा. ती पदर सावरत म्हणाली, "ताई, तुमी गुरुवारी जाताल. खिचडी रोज लागती." रागानं नाही म्हणाली. म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. मी तिला फवाऱ्याचं औषध दिलं आणि ते कसं ओढायचं ते शिकवलं. धुरात बसून ओढायचं औषध.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, दादालाही नाही. एक सांगायचं राहिलं. निघायच्या आधी त्या आजींनी मला विचारलं, "तुझी आई कशानं गेली?" त्यांच्या नाकात नळी होती आणि मांडीवर कॉफीचा कप होता. मी म्हणाले, "म्हातारपणानं. एक्याऐंशी वर्षांची होती." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. म्हणाल्या, "चांगलं आयुष्य मिळालं."

तू अठ्ठेचाळीस वर्षांची होतीस, आई. मला लाज वाटली, म्हणून तुला तेहतीस वर्षं मी माझ्या मनानंच दिली.