यंदाच्या भुलाबाईचा चेहरा

२१ सप्टेंबर १९६४, चिखली
आळीतल्या पोरी सकाळीच दारात — "काकू, भुलाबाई कवा बसवता?" सांगून टाकलं, यंदा नाही. कोकिळाचं लग्न झालं, आता घरात भुलाबाईची गाणी म्हणायला कोण आहे! पोरी हिरमुसून गेल्या. मी उगाच डाळ निवडत बसले. निवडलेलीच होती.

२४ सप्टेंबर
हे कचेरीतून आले ते माझ्या हातांकडे बघत. "बरं झालं, सुटली एकदाची चिखलातून. पोरीसाठी करत होती, ठीक होतं."
पोरीसाठी! खरं सांगू? पोर हे निमित्त होतं. वर्षभर भाकऱ्या थापल्या तरी माझा जीव त्या एका मूर्तीत असायचा. हे कोणाला सांगायची सोय नाही. बाईमाणसाला आपल्यासाठी काही करावंसं वाटतं म्हटलं की लोक हसतात.

२७ सप्टेंबर
राहवलं नाही. काळी माती आणली, कापूस घालून कुटली, परसात बसले. चेहरा झाला तो तोच, दरवर्षीचा — गोड, गुबगुबीत, कॅलेंडरवरच्या बाईसारखा. चिडून मोडून टाकला. पुन्हा केला, पुन्हा तोच! बोटांना सवय लागलीय फक्त, मन कशातच नाही. संपलं बहुतेक माझं.

१ ऑक्टोबर
हे संग्रामपूरहून परतले, एकटेच. लग्नानंतरची पहिली भुलाबाई, लेकीला आणायला गेले होते. सासरच्यांनी पाठवलं नाही. कापूस फुटलाय म्हणे, वेचायला हात हवेत.
"बोलली का काही?"
"सासू बसली होती ना समोर. मजेत हाय पोरगी. उगा जिवाले लावून घेऊ नको."
लावून घेत नाही. मजेत असेल. नव्या घरी काम असतंच. जेवण मात्र गेलं नाही.

५ ऑक्टोबर
आज नळावर! पाणी मध्येच गेलं. बायका करवादल्या, भांडल्या. शेजारची वच्छलाबाई तेवढी गप्प उभी. रिकाम्या घागरीकडे बघत होती — पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ घट्ट. मी बघतच राहिले.
"काय पाहून राह्यली वो सत्यभामा?" तिनेच विचारलं.
मी घागर तिथेच टाकून घरी पळाले! बाभळीच्या काट्याने डोळे कोरले, एका बैठकीत चेहरा झाला. भात करपला. करपू दे! इतकं बरं किती तरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

७ ऑक्टोबर
बसवली. कोजागिरीपर्यंत केव्हाही बसवली तरी चालते. वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर केला. पोरी आल्या, गाणं सुरू करायच्या आधीच — "काकू, ही हसत काऊन नाही?"
हे म्हणाले, "देवीचं तोंड असं असते काय? हसरं कर. लोक काय म्हणतील?"
वच्छलाबाईला मोठ्या हौसेने दाखवली. म्हटलं, ओळखा! तिने पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. "मी? नाही वो बाई. ही त कवळी पोर हाय."
माझा हिरमोड. एवढं बघून केलं आणि चुकलंच म्हणायचं.

८ ऑक्टोबर
फडकं ओलं करून बसले. ओठांचे कोपरे जरासे वर उचलले की झालं. अंगठा दोनदा नेला, दोनदा मागे घेतला. ह्यांनी विचारलं तर काय सांगू? हसू येत नाही तिला, एवढंच कळतंय. राहू दे तशीच.

१५ ऑक्टोबर
दसरा. संग्रामपूरचं कोणी आलं नाही.

२० ऑक्टोबर
कोजागिरी. दुपारच्या एस.टी.ने कोकिळा आली. एकटीच. हातात पिशवीसुद्धा नाही. पाय न धुताच भुलाबाईसमोर जाऊन बसली. मी पाणी घेऊन मागे उभी.
तिने मूर्तीच्या घट्ट ओठांवरून बोट फिरवलं. मग मान न वळवता म्हणाली —
"आई, तुले कोनं सांगतलं?"